भाड्याची गाडी, बर्फाचा घाट आणि चाकाच्या साखळ्या

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)



डिसेंबर लागला की इथे कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांमध्ये एक बेत हमखास ठरतो. भारतातून आई-बाबा किंवा सासूबाई-सासरे आलेले असतात, मुलांना नाताळची सुट्टी असते, आणि कोणीतरी म्हणते, "यांना एकदा बर्फ दाखवून आणू या." लेक टाहोला जायचे की योसेमिटीला, एवढाच प्रश्न उरतो. घरची गाडी पाच जणांची आणि माणसे सात. मग मोठी गाडी भाड्याने घ्यायची. फोनवर पाच मिनिटांत बुकिंग होते, आणि आपण थालीपिठाची भाजणी आणि गरम टोप्या शोधायला लागतो.

आज आम्ही याच सहलीतल्या एका गोष्टीबद्दल बोलणार आहोत. ती म्हणजे बर्फात गाडीच्या चाकांना लावायच्या साखळ्या. इथे सगळे 'चेन्स'च म्हणतात. विषय ऐकून कोणाला वाटेल की हे घरातल्या पुरुषांनी बघायचे काम. पण गाडीचे आणि हॉटेलचे बुकिंग, आजोबांची औषधे, मुलांचे बूट, यातले बहुतेक काम आपल्या हातून होते. गाडीही आपल्यातल्या कितीतरी जणी चालवतात. तेव्हा हे आपल्याला माहीत असायलाच हवे.

यातला पेच असा आहे. डोंगरात बर्फ पडू लागला की सरकार सांगते, साखळ्या लावा, नाहीतर मागे फिरा. भाड्याच्या गाडीच्या करारात मात्र पुष्कळदा लिहिलेले असते की साखळ्या लावायच्या नाहीत. या दोघांच्या मधे सापडतो आपण. बाहेर अंधार पडत आलेला, मागच्या सीटवर मधुमेह असलेले सासरे आणि झोपलेली मुले, पुढे दिवे लावलेला पोलीस. तिथे उभे राहून हा पेच सुटत नाही. तो घरी, गाडीचे पैसे भरण्याआधी सोडवावा लागतो. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे. बाकीचा तपशील त्यासाठीच आहे.

आधी साखळ्या कशासाठी, ते बघू. कोकणात किंवा मावळात भाताची चिखलणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे लगेच कळेल. चिखलात पॉवर टिलरची रबरी चाके नुसती जागच्या जागी फिरतात. म्हणून ती काढून लोखंडी पट्ट्यांची जाळीदार चाके बसवतात. लोखंड चिखलात रुतते आणि यंत्र पुढे सरकते. बर्फातही तसेच असते. थंडीत रबर कडक होते, त्याची पकड कमी होते. टायरवरच्या खाचांत बर्फ भरला की टायर गुळगुळीत होतो. साखळीच्या कड्या मात्र त्या बर्फात घुसतात आणि चाकाला धरायला काहीतरी मिळते.

ही युक्ती जुनी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड नावाच्या माणसाने १९०४ साली तिचे पेटंट घेतले. त्या वेळी चिखलात आणि बर्फात गाडी अडू नये म्हणून लोक चाकांना दोर गुंडाळत असत. त्यावरूनच त्याला साखळीची कल्पना सुचली, असे सांगतात. आज लोखंडी कड्यांच्या साखळ्या मिळतात, तशाच बारीक तारेच्या, म्हणजे केबलच्याही मिळतात. काम एकच. हेही लक्षात ठेवा की साखळी गाडीला पुढे जायला आणि थांबायला मदत करते, पण कोरड्या रस्त्यासारखी पकड काही देत नाही. आणि बर्फ नसलेल्या रस्त्यावर तीच साखळी टायरही खाते आणि रस्ताही.

आता आपण जिथे जातो त्या डोंगराबद्दल थोडेसे. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने टाहोला जाणारे मुख्य रस्ते दोन. इंटरस्टेट ८० डोनर समिटवरून जातो, उंची सात हजार फुटांच्या वर. यू. एस. ५० एको समिटवरून जातो, उंची ७,३८२ फूट. आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांच्या आसपास, यावरून अंदाज करा. सकाळी घरून स्वेटर न घालता निघालेली माणसे तीन-चार तासांत पार वेगळ्या हवेत पोचतात. पॅसिफिक महासागरावरून येणारे ओले वारे या डोंगराला अडतात. सह्याद्रीला अडलेले वारे आपल्याकडे पाऊस देतात, तेच इथे हिवाळ्यात बर्फ देतात. डोनर समिटजवळ १९४६ पासून बर्फ मोजणारी एक प्रयोगशाळा आहे. तिथे हिवाळ्याची सरासरी साधारण ३० फूट भरते. २०२२-२३ च्या हिवाळ्यात ६२ फुटांहून जास्त बर्फ पडला. दुमजली घर बुडेल, इतका.

डोनर हे नावच एका दुर्दैवी प्रवासावरून पडले आहे. १८४६ साली बैलगाड्या घेऊन पश्चिमेला निघालेली काही कुटुंबे या खिंडीखाली बर्फात अडकली. ८७ जणांपैकी जवळजवळ निम्मे वसंत ऋतू पाहू शकले नाहीत. वाचलेल्यांत पुरुषांपेक्षा बायकांचे प्रमाण जास्त होते. पुढे जानेवारी १९५२ मध्ये 'सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को' नावाची आगगाडी याच डोंगरात बर्फात रुतली, आणि आतले सव्वादोनशे लोक तीन दिवस अडकून पडले. हे जुने झाले म्हणावे, तर मार्च २०२४ च्या सुरुवातीचे वादळ आठवा. त्या वेळी इंटरस्टेट ८० डोनरच्या भागात दोन दिवसांहून जास्त बंद होता. घाबरवायला हे सांगत नाही. बर्फ हजारो लोक दरवर्षी पाहून सुखरूप परत येतात. पण हा डोंगर लोणावळ्याची सहल नव्हे, एवढे ध्यानात असावे.

आता नियम. कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याचे नाव कॅलट्रान्स. बर्फ पडू लागला की ते 'चेन कंट्रोल' लावतात. त्याच्या तीन पायऱ्या आहेत आणि त्या पाटीवर लिहिलेल्या असतात.

पहिली पायरी आर-१. यात साखळ्या लावायच्या असतात, पण नेहमीच्या हलक्या गाडीच्या चालत्या चाकांवर बर्फाचे टायर असतील तर सूट मिळते. चालती चाके म्हणजे ज्यांना इंजिनाची ताकद मिळते ती. दुसरी पायरी आर-२. यात फक्त चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या आणि चारही चाकांवर बर्फाचे टायर असलेल्या गाड्यांना सूट. बाकी सगळ्यांनी साखळ्या लावायच्या. तिसरी पायरी आर-३. यात कोणालाच सूट नाही. ही पायरी क्वचितच लागते, कारण इतके वाईट हवामान झाले की बहुधा रस्ताच बंद करतात.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ज्यांना साखळ्या लावण्यापासून सूट आहे, त्यांनीही त्या गाडीत जवळ ठेवायच्या असतात. "आमची गाडी फोर-व्हील आहे, आम्हाला काय गरज," असे म्हणून चालत नाही. योसेमिटीत तर याबाबत फारच कडक आहेत. तिथे ठरवून दिलेल्या भागात शिरताना साखळ्या गाडीत नसतील, तर दंड होऊ शकतो. गाडी भाड्याची आहे, ही सबब तिथे चालत नाही.

बर्फाचा टायर ओळखायचा कसा? टायरच्या बाजूवर, कडेच्या रबरावर, इंग्रजी एम आणि एस ही अक्षरे असतात. मड म्हणजे चिखल, स्नो म्हणजे बर्फ. त्याहून चांगल्या टायरवर डोंगराच्या तीन शिखरांचे आणि त्यात बर्फाच्या पाकळीचे चित्र असते. शिवाय टायर झिजलेला नको. त्यावरच्या खाचा इंचाच्या बत्तीस भागांपैकी सहा भाग, म्हणजे जेमतेम पाच मिलिमीटर तरी खोल असायला हव्यात. भाड्याच्या गाड्या खूप पळालेल्या असतात. तेव्हा गाडी ताब्यात घेताना ओरखडे बघतो, तसेच खाली वाकून टायर बघा. फोनवर चारही टायरचे फोटो काढून ठेवा.

आता येऊ मूळ मुद्द्यावर, म्हणजे कराराकडे. भाड्याच्या गाडीचा करार लांबलचक असतो आणि आपण काउंटरवर घाईत सही करतो. पाठीमागे रांग असते, मुले कंटाळलेली असतात. पण त्या करारात साखळ्यांबद्दल बहुधा काहीतरी असते. काही कंपन्या सरळ मनाई करतात. काही म्हणतात, लावा, पण त्यामुळे जे नुकसान होईल ते तुमचे. काही डोंगराजवळच्या शाखांतून बर्फासाठी तयार केलेली गाडी देतात, पण ती सगळीकडे मिळत नाही. एकाच कंपनीच्या दोन शाखांमध्येही फरक असू शकतो.

कंपन्या मनाई का करतात, तेही समजून घ्या. साखळी सैल राहिली किंवा तुटली तर ती चाकाबरोबर गरागरा फिरते आणि गाडीचा पत्रा, ब्रेकची नळी, आतली वायर जे मिळेल ते झोडपते. आजच्या पुष्कळ गाड्यांमध्ये टायर आणि पत्रा यांच्यामध्ये जागाच फार कमी असते. म्हणून काही गाड्यांच्या मार्गदर्शक पुस्तिकेतच लिहिलेले असते की या मापाच्या टायरवर साखळ्या लावू नका, किंवा फक्त 'क्लास एस' म्हणजे कमी जागेत बसणाऱ्या साखळ्याच लावा. ही पुस्तिका गाडीच्या पुढच्या कप्प्यात असते. ती वाचायचा कंटाळा करू नका.

खरी धास्ती विम्याची. काउंटरवर आपण रोजचे जास्तीचे पैसे भरून नुकसानीपासून संरक्षण घेतो. आपल्याला वाटते, झाले, आता काळजी नाही. पण करारात मना केलेली गोष्ट केली, तर ते संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. क्रेडिट कार्डाबरोबर मिळणारे संरक्षणही पुष्कळदा करार पाळला असेल तरच लागू होते. म्हणजे साखळी लावली नाही तर पोलीस पुढे सोडणार नाही, आणि मनाई असताना लावली आणि काही झाले तर हजारो डॉलरचे बिल घरी येणार. आपल्या हातात मग काय उरते? ती गाडी घेऊन बर्फात न जाणे.

म्हणून बुकिंग करण्याआधी त्या शाखेला फोन करा. सगळ्यांसाठी असलेल्या मोठ्या नंबरावर नव्हे, जिथून गाडी घ्यायची त्या शाखेला. चार प्रश्न विचारा. एक, या गाडीला साखळ्या लावायची परवानगी आहे का? दोन, साखळ्यांमुळे नुकसान झाले तर संरक्षण लागू राहते का? तीन, गाडीच्या चारही चाकांना ताकद मिळते का, आणि टायरवर एम-एस आहे का? चार, ही गोष्ट मला लेखी, निदान ई-मेलवर, मिळेल का?

चौथा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच वाटतो. पण तोंडी "हो, हो, काही प्रॉब्लेम नाही" याचा पुढे काही उपयोग होत नाही. आमच्यातल्या एकीला एका कंपनीने फोनवर चारही चाकांची गाडी देतो म्हणून सांगितले होते. शुक्रवारी संध्याकाळी काउंटरवर गेल्यावर तसलीच दिसणारी, पण फक्त पुढच्या चाकांवर चालणारी गाडी पुढे केली. "अशाच आकाराची" एवढेच त्यांचे वचन होते. गाडी उंच आणि दणकट दिसली म्हणजे ती बर्फात चालते, असे नाही. तिने तिथेच नकार दिला आणि सहल एक आठवडा पुढे ढकलली. मुले हिरमुसली, नवरा थोडा चिडला, पण सगळे घरी होते. त्या शनिवारी डोंगरात आर-२ लागले होते.

आता समजा, उत्तरे मिळाली. तर पुढे तीन वाटा आहेत.

पहिली वाट: परवानगी आहे. मग साखळ्या विकत घ्या, आणि घरून निघण्याआधी घ्या. डोंगराच्या पायथ्याशी त्या महाग मिळतात, आणि वादळाच्या दिवशी आपल्या मापाच्या संपलेल्याही असतात. टायरच्या कडेवर त्याचे माप तीन भागांत लिहिलेले असते. ते जसेच्या तसे दुकानात दाखवा. आदल्या दिवशी दाखवलेली आणि प्रत्यक्ष मिळालेली गाडी वेगळी असू शकते, म्हणून माप गाडी हातात आल्यावरच पक्के करा. काही दुकाने न वापरलेल्या, पाकीट न फोडलेल्या साखळ्या परत घेतात. पावती जपून ठेवा आणि घेतानाच विचारून घ्या.

दुसरी वाट: साखळ्यांना मनाई आहे, पण गाडी चारही चाकांची आहे आणि टायरही योग्य आहेत. मग आर-१ आणि आर-२ मध्ये तुम्हाला साखळ्या न लावता जाता येते. साखळ्या तेवढ्या गाडीत बाळगायच्या. करारात मनाई असते ती बहुधा लावायला, बाळगायला नव्हे, तरी तेही विचारून घ्या. आणि आर-३ लागले, तर परत फिरायचे, हे निघतानाच सगळ्यांना सांगून ठेवायचे.

तिसरी वाट: साखळ्यांना मनाई, आणि गाडी दोन चाकांवर चालणारी. मग ती गाडी घेऊन वादळाच्या दिवशी डोंगरात जायचे नाही. याचा अर्थ आजी-आजोबांना बर्फ दिसणार नाही, असा नाही. एमरीव्हिलहून 'कॅलिफोर्निया झेफर' नावाची अ‍ॅमट्रॅकची आगगाडी डोनरच्या डोंगरातून ट्रकीला जाते. सहा-सात तास लागतात, पण काचेतून जे दिसते ते गाडी चालवणाऱ्याला कधीच दिसत नाही. आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला डब्यात उठून चार पावले टाकता येतात. योसेमिटीसाठी मर्सेड शहरातून यार्ट्सची बस दरीपर्यंत जाते, हिवाळ्यातही. मर्सेडपर्यंत आगगाडीने जाता येते. बसवाले हा रस्ता रोजचा जाणतात. आपण खिडकीशी बसायचे आणि लाडूचा डबा उघडायचा.

योसेमिटीला गाडीनेच जायचे असेल, तर मर्सेडकडून एल पोर्टलमार्गे येणारा १४० नंबरचा रस्ता सगळ्यांत कमी उंचीचा आहे. इतर रस्त्यांपेक्षा तिथे चेन कंट्रोल कमी वेळा लागते, पण लागतच नाही असे नाही. टायोगा रोड हिवाळ्यात बंदच असतो. फोनवरचा नकाशा काही वेगळे सुचवू लागला तरी त्याच्या नादी लागू नका. मोठा रस्ता बंद झाला की नकाशा एखादी आडवाट दाखवतो. ती आडवाट उन्हाळ्याची असते. तिथून बर्फ काढायला कोणी येत नाही, आणि तिथे फोनही लागत नाही.

आता पहिल्या वाटेने जाणाऱ्यांसाठी साखळी लावायची कशी, ते सांगतो. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे घरच्या अंगणात, उजेडात, कोरड्या जमिनीवर एकदा लावून बघायची. मग पाकीट फुटते आणि साखळ्या परत करता येत नाहीत, हे खरे. पण गोठलेल्या बोटांनी, विजेरीच्या उजेडात, पहिल्यांदाच सूचना वाचत बसण्यापेक्षा ते पैसे गेलेले बरे. शिवाय साखळी नीट बसते की नाही, पत्र्याला घासते की काय, हे घरीच कळते.

रस्त्यावर 'चेन कंट्रोल'ची पाटी दिसली की गाडी नेमून दिलेल्या जागेत, रस्त्याच्या पूर्ण बाहेर घ्या. चालत्या रस्त्यावर कधीही थांबू नका. हँडब्रेक लावा, धोक्याचे दिवे लावा. मुले आणि वडीलधारी माणसे गाडीतच बसू देत. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर साखळ्या पुढच्या चाकांना. चारही चाकांची गाडी असेल तर पुस्तिका सांगेल त्या. साखळी आधी जमिनीवर पसरून गुंता काढा. मग चाकावरून शाल पांघरावी तशी टाका. हुकांची टोके टायरपासून बाहेरच्या बाजूला असू देत, म्हणजे ती रबरात रुतणार नाहीत. आधी आतल्या बाजूचा हुक अडकवा, मग बाहेरचा. गरज पडल्यास गाडी फूटभर पुढे घेऊन उरलेला भाग जोडा. ताणून घट्ट करा. थोडे अंतर चालवून पुन्हा थांबा आणि पुन्हा घट्ट करा. हा दुसऱ्यांदा घट्ट करण्याचा भाग लोक गाळतात, आणि साखळी सुटते ती त्यामुळेच.

हे करताना रबरी हातमोजे, डोक्याला लावायची विजेरी, गुडघ्याखाली घालायला जुने जाजम किंवा प्लास्टिक, आणि वरून रेनकोट हवा. ओढणी, लांब मफलर, मोकळे केस बांधून घ्या. चाकाजवळ काही लोंबता कामा नये.

ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी काही मुख्य रस्त्यांवर साखळ्या लावून देणारी माणसे उभी असतात. त्यांना कॅलट्रान्सचा परवाना असतो आणि अंगावर नंबराचा बिल्ला असतो. ते पैसे घेऊन लावून देतात, पण त्यांना साखळ्या विकायला किंवा भाड्याने द्यायला परवानगी नाही. तेव्हा साखळ्या आपल्याच हव्यात. भाव आधी विचारा, पावती घ्या, बिल्ल्याचा नंबर लिहून ठेवा.

साखळ्या लावल्यावर वेग ताशी २५ ते ३० मैल, म्हणजे ४० ते ४८ किलोमीटर. त्याहून जास्त नाही. मागचा गाडीवाला दिवे मारो की हॉर्न वाजवो. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त अंतर ठेवा. ब्रेक एकदम दाबू नका, स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. भरलेली घागर डोक्यावर घेऊन चालणारी बाई जशी पावले टाकते, तशी गाडी चालवायची. कोरडा रस्ता लागला की सुरक्षित जागी थांबून साखळ्या काढा.

आता गाडीत काय ठेवायचे. रस्ता बंद झाला की दोन तासांचा प्रवास दहा तासांचा होतो. म्हणून पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. विजेवर चालणारी गाडी भाड्याने घेतली असेल तर थंडीत तिचा पल्ला कमी होतो, याचा हिशेब आधीच करा. प्रत्येकासाठी एक पांघरूण, पिण्याचे पाणी, थर्मासमध्ये चहा, थेपले, लाडू, चिवडा. इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या मागच्या सामानात नव्हे, हाताशी. इन्सुलिन गोठू देऊ नका. फोन चार्ज करायची सोय. एक लहान फावडे.

आणि गाडी बर्फात अडकली तर हे विसरू नका: इंजिन चालू करून हीटर लावण्याआधी मागची धुराची नळी बर्फाने बुजलेली नाही ना, ते पाहा. ती बुजली तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपेतच माणसे जातात. थोडा वेळ हीटर, मग बंद, आणि एक खिडकी किंचित उघडी. बर्फ पडत असेल तर नळी पुन्हा पुन्हा साफ करायची. आणि गाडी सोडून चालत निघायचे नाही. मदत येते ती आधी गाडीपाशी येते.

निघण्याच्या आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी रस्त्याची स्थिती बघा. कॅलट्रान्सचे 'क्विकमॅप' फोनवर मिळते. नुसता आवाज ऐकायचा असेल तर त्यांचा नंबर १-८००-४२७-७६२३. तिथे रस्त्याचा क्रमांक सांगितला की माहिती मिळते.

आता शेवटचे, आणि आमच्या मते सगळ्यांत अवघड. साखळी लावायला शिकणे सोपे आहे. "आपण परत फिरू या" हे म्हणणे अवघड आहे. हॉटेलचे पैसे भरलेले असतात. आई-बाबा पुढच्या आठवड्यात भारतात परत जाणार असतात, पुन्हा कधी येतील कोण जाणे. गाडीत दुसरे कुटुंबही असते, त्यांच्यासमोर भित्रे दिसायला नको असते. आणि गाडी चालवणारा म्हणतो, "एवढे आलोय, आता काय, होईल." अशा वेळी आपण पुष्कळदा गप्प बसतो. घाटात भांडण नको, म्हणून.

म्हणून आमची एक सूचना आहे. परत कधी फिरायचे, हे घरीच, चहा घेताना, सगळ्यांच्या देखत ठरवा. आर-३ लागले तर परत. साखळीला मनाई असलेल्या गाडीला साखळी लावायची वेळ आली तर परत. अंधार पडायच्या आत खिंड पार होणार नाही असे दिसले तर परत. गाडीतल्या कोणा एकालाही बरे वाटेनासे झाले तर परत. आधी ठरलेले असले की मग ते कोणाच्या भित्रेपणाचे राहत नाही. हॉटेल घेतानाही रद्द करता येईल असेच घ्या, चार पैसे जास्त पडले तरी. आणि सहलीला एक दिवस मोकळा ठेवा. वादळ बहुधा एक-दोन दिवसांत ओसरते, रस्ते साफ होतात, आणि मग निळ्या आकाशाखाली तोच बर्फ जास्त सुंदर दिसतो.

भारतातून आलेल्या आयांनो, सासूबाईंनो, तुम्हालाही एक विनंती. मुलगी, सून किंवा मुलगा म्हणाला की आज जायला नको, तर "आमच्यामुळे तुमची सहल बुडाली" असे मनाला लावून घेऊ नका. आणि "आम्ही काय, कसेही जाऊ" असेही म्हणू नका. तुमच्या त्या एका वाक्यावर पुष्कळ मुले गाडी पुढे काढतात. त्यापेक्षा म्हणा, "उद्या जाऊ." एवढ्या शब्दांनी गाडी चालवणाऱ्याच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते.

तेव्हा मैत्रिणींनो, या हिवाळ्यात बर्फ जरूर पाहा. फक्त गाडी बुक करण्याआधी तो एक फोन करा, आणि गाडी घेताना खाली वाकून टायर बघा. आजीला बर्फाचा गोळा हातात धरू द्या, तिचे हातमोजे आठवणीने घ्या, आणि सगळे सुखरूप घरी या.